बांगड्याबरोबर ज्वारीची भाकर

रिसोडच्या स्टँडवर माय मला सोडायला आली तेव्हा तिच्या काखेत ज्वारीच्या पिठाची थैली होती. केनवडहून आम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आलो होतो. माझे मिस्टर, प्रकाश, एसटीत ड्रायव्हर म्हणून लागले होते आणि त्यांना डेपो मिळाला होता मालवणचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गाडी लागली, सामान चढलं, मी खिडकीशी बसले. तेव्हा माय खिडकीखाली आली आणि थैली वर देत म्हणाली, “तिथलं पानी मानवलं नाई त फोन कर. मानवलं त मंग सांगू नको, मले वाईट वाटन.”

एवढंच बोलली. गाडी वळली तशी ती पाठ फिरवून जीपकडे चालू लागली. माझी माय रडताना कुणाला तोंड दाखवत नाही.

आज त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली की माझा फोन नंबर आता रिसोडात फिरतो. मे महिना आला, दिवाळीची सुट्टी लागली, की फोन वाजतो. ओळखीचा असतो, नसतो. “ताई, आमी मालवणले येऊन राह्यलो. ताजी मच्छी कुठं खावी सांग नं.” सावरगावचा कुणी, रिसोडच्या मोंढ्यातला कुणी, एकदा तर मानोऱ्याकडच्या तांड्यावरून मुंबईला गेलेला एक मुलगा. मी सगळ्यांना सांगते. पण खरं सांगू का, या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःला कळायलाच फार दिवस लागले. आणि ते सांगायचं तर पार्वतीकाकी आणि माझी माय या दोघींबद्दल सांगावं लागतं.

माझं माहेर महानुभावी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नाही कधी. शेजारी कुणाकडे मटण शिजलं की माय दार लोटून घ्यायची, कुणाला नाव न ठेवता. आणि अशा घरातली मी, मालवणात उतरले ती थेट मासळीच्या वासात. डेपोपासून चालण्याच्या अंतरावर स्वस्तात खोली मिळाली होती, ती पार्वतीकाकीच्या घरामागे. पार्वतीकाकी म्हणजे गाबताची विधवा बाई. गाबीत म्हणजे इकडचे मच्छीमार. नवरा होडीवाला होता, तो गेल्यावर तिनं पुढच्या पडवीत चार बाकडी टाकून खानावळ सुरू केली. बोर्ड नाही, काही नाही. तिच्या चुलीवर सकाळी मासळीच्या वाटपाचं खोबरं भाजायला लागलं की माझ्या खोलीत मी नाकाला उशी दाबून बसायची.

पहिल्या आठवड्यात मी बाजारात गेले आणि भाजीवालीला विचारलं, “सांबार हाय काय?” तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलाकडे बोट दाखवलं, “थय गावतला, इडलीवांगडा.” आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तिला काय ठाऊक! मी रिकाम्या पिशवीनं परत आले आणि खोलीत बसून रडले. कोथिंबिरीसाठी कुणी रडतं का? पण ते रडणं कोथिंबिरीचं नव्हतंच. प्रकाश दोन-दोन दिवस ड्युटीवर. माझं बोलणं कुणाला कळेना, त्यांचं मला.

पार्वतीकाकीनं ते रडणं भिंतीतून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी दारात उभी. “काय गो, घोवाबरोबर इलंस आणि एकटीच रडतंस कित्याक? भाकरी येता तुका?”

भाकर! केनवडच्या पोरीला विचारते भाकर येते का! मी तिच्या चुलीपुढे बसले. पण तांदळाचं पीठ हातात आलं आणि सगळी ऐट उतरली. ज्वारीच्या पिठाला पाणी लावून मळलं की ते ऐकतं. तांदळाचं ऐकत नाही, त्याला उकड काढावी लागते. पहिली भाकर तव्यावर पडताच तिला भेगा गेल्या. काकी हसली नाही. तिनं माझे हात आपल्या हातात धरून थापून दाखवलं. तेव्हापासून मी रोज सकाळी तिच्या भाकऱ्या करू लागले. माशाच्या भांड्याकडे पाठ करून बसायची. काकीनं त्याबद्दल मला कधी टोकलं नाही. फक्त एकदा म्हणाली, “ताज्या माशाक माशाचो वास येणा नाय गो. वास इलो म्हणजे तो कालचो.”

हळूहळू मी पाठ वळवून बसायचं सोडलं. मग तिच्याबरोबर बंदरावर जाऊ लागले. दुपार उतरली की होड्या येतात, मासळी धक्क्यावर उतरते आणि लिलाव लागतो. तो गलका ऐकला की मला रिसोडच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव बोलतात त्याची आठवण यायची. काकी कधी ठरवून जात नसे की आज अमुकच घ्यायचं. ती आधी विचारी, “आज काय गावला?” जे मिळालं असेल त्यावर तिचा स्वयंपाक ठरे. बांगडे असले तर तिखलं, म्हणजे तिखट-आंबट कालवण, त्यात तिरफळं ठेचून. सौंदाळे असले तर नुसते तळलेले. पेडवे आले तर गिऱ्हाइकानं सुरमई मागितली तरी ती पेडवेच वाढायची. पुण्याचा एक माणूस चिडला होता, की मी एवढ्या लांबून सुरमईसाठी आलो. काकी म्हणाली, “तू लांबसून इलंस, पण सुरमई आज इली नाय, त्येका मी काय करू?” तो कुरकुरत जेवायला बसला आणि दुसऱ्यांदा कालवण मागून घेतलं.

आमची मुलगी मुग्धा तिथंच झाली. पार्वतीकाकीनंच तिला न्हाऊमाखू घातलं, कारण माय येऊ शकली नाही, त्या वर्षी बाबा आजारी होते आणि मग गेले. मुग्धा बोलायला लागली ती मालवणीतच. मायशी फोनवर बोलताना म्हणाली, “आजी, माका बांगडो होयो.” माय मला विचारते, “पोरगी काय मांगून राह्यली?” मी म्हटलं, “बांगड्या मांगते.” मायनं पुढच्या पार्सलात लाल बांगड्यांचा डझन धाडला. प्रकाश ते पाहून किती तरी वेळ हसत होते.

या सगळ्या वर्षांत आम्ही बदलीची वाट बघत होतो. रिसोड डेपो मिळावा म्हणून प्रकाशनं दर वर्षी अर्ज केला. भाऊ तिकडे शेत बघायचा, माय म्हणायची, “या बापा आता, वावर हाय, घर हाय, परक्या मुलकात काहून पडले?” मी पण मनातून निघालेलीच होते. पडद्याला चांगलं कापड घ्यायचं म्हटलं तरी वाटायचं, कशाला, आता जायचंच आहे.

आणि एका मे महिन्याच्या सुरुवातीला, ऐन गर्दीत, पार्वतीकाकी विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिला दवाखान्यात नेलं, ऑपरेशन ठरलं. पडवीत जेवायला माणसं यायची होती, काही सकाळीच सांगून गेली होती. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या काकीनं माझा हात धरला आणि म्हणाली, “बांगडे साफ करून ठेवलंय. वाया घालू नको.”

मी घरी आले आणि चूल पेटवली. पाहून पाहून सगळं माहीत होतं. खोबरं किती भाजायचं, मिरच्या किती, सोलं, म्हणजे आमसुलं, कधी टाकायची. हातानं बांगड्याचे तुकडे पहिल्यांदा उचलले, सोडले कालवणात. उकळी आली. आणि मग माझी पंचाईत झाली. मीठ बघायचं कुणी? प्रकाश गाडीवर, मुग्धा काकीच्या भाचीकडे, पडवीत माणसं हात धुऊन बसलेली. मी पळीतलं कालवण तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि चाखलं.

पुढचं काय सांगू. तिखट, आंबट, आणि मागून तिरफळाची एक झिणझिणी. मला वाटलं होतं मळमळेल, भोवळ येईल. काहीच झालं नाही. मी आणखी चिमूटभर मीठ घातलं आणि ताटं वाढली.

पण संध्याकाळी राहवेना. मायला फोन लावला. म्हटलं, “माय, आज मी मच्छीचा रस्सा चाखला.” पलीकडून गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटी ऐकू येत होती मला. मग माय म्हणाली, “मीठ बरोबर होतं काय?”

“कमी होतं. टाकलं मंग.”

“बरं केलं. लोक जेवाले बसल्यावर मीठ कमी पडू नये.” आणि तिनं फोन ठेवला.

त्याच्यानंतर पंधरवड्यातच प्रकाश घरी आले ते मिठाईचा पुडा घेऊन. बदली झाली होती. रिसोड डेपो. इतकी वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली तो आला आणि मी चुलीपुढे तशीच बसून राहिले. काकी नुकती दवाखान्यातून घरी आलेली, पलंगावरून उठता येत नव्हतं. तिचा मुलगा मुंबईला, खानावळ बंद कर म्हणून फोनवर सांगणारा. मी पेढा तिच्या तोंडात घातला. तिनं तो चघळला, आणि छताकडे बघत म्हणाली, “जा गो. आयशीक सोडून कोण ऱ्हवता इतकी वर्सां?”

मायला कळवलं तर ती तिसऱ्या दिवशी दारात. सामान बांधायला मदत करते म्हणाली. म्हातारी बाई, भावाच्या मुलाला सोबत घेऊन घाट उतरून आली. तो दुसऱ्या दिवशी परतला, ती राहिली. येताना आपली भांडी आणलेली, तवा आणलेला, पीठ आणलेलं. आमच्या खोलीच्या मागच्या दारात तिनं वेगळा स्टो मांडला. कुणाला काही म्हणाली नाही, पण पडवीकडे वारा फिरला की नाकाला पदर लावायची. मी मनात म्हटलं, आठ-दहा दिवस काढायचे आहेत हिला, काढील.

पण माय पार्वतीकाकीला बघायला म्हणून आत गेली आणि दुपारभर बाहेर आली नाही. मी डोकावले. मायनं तिळाचं तेल कोमट करून काकीचे पाय मांडीवर घेतले होते.

“कंबर ठनकते काय वं?”

“कंबर नाय गे बाय, जीव ठणकता. पडून ऱ्हवाची सवय नाय माका.”

“तं मंग पडाले कोनं सांगतलं होतं?”

दोघी हसल्या. एकीचं अर्धं दुसरीला कळत नव्हतं, आणि त्यानं दोघींचं काही अडत नव्हतं. रोज दुपारी हेच. माय काकीच्या पायांना तेल लावायची आणि आपल्या वावराच्या, बाबांच्या, भावाच्या बायकोच्या गोष्टी सांगायची. काकी तिला आपल्या होडीवाल्या नवऱ्याच्या गोष्टी सांगायची, वादळात तो दोन दिवस आला नव्हता तेव्हाच्या. माय मला विचारायची, “दोन दिवस हे बाई जेवली नसन नं?”

मग तो रविवार आला. सकाळपासून गाड्यांची रांग, पडवी भरलेली, अंगणात सतरंजी टाकून माणसं बसवलेली. मी एकटी. एका हातानं तळत होते, दुसऱ्या हातानं वाढत होते, भाकऱ्या संपल्या होत्या आणि उकड काढायला वेळ नव्हता. घामानं डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात बाजूला परातीचा आवाज झाला. बघते तर माय. पदर नाकावरून मागे बांधलेला, समोर तिची परात, तिचं ज्वारीचं पीठ, तिचा तवा.

“मी भाकरीच करीन,” ती म्हणाली. “त्याले हात नाई लावनार.”

“माय, तू राहू दे, तुले वास सहन नाई होनार.”

“तू तुहं पाय. ते तेल जळून राह्यलं.”

त्या दिवशी मालवणात बांगड्याच्या तिखल्याबरोबर ज्वारीची भाकर वाढली गेली. पातळ, पदर सुटलेली, तव्यावरून थेट ताटात. लोक विचारू लागले, ही कसली भाकरी, अजून द्या.

अंगणातल्या सतरंजीवर एक कुटुंब बसलं होतं. सकाळी फोन करून आलेले, रिसोडचे, रहीमभाई म्हणून कापडाचे व्यापारी, त्यांची बायको आणि दोन सुना. मी भाकर वाढली तशी रहीमभाईंनी ती मोडली, तोंडात घातली आणि थांबले. “ताई, ही भाकर इथली नाही वाटून राह्यली.”

मी आत वळून हाक मारली, “माय, रिसोडचे पाव्हणे हायेत.”

माय पिठाचे हात घेऊन बाहेर आली. पदर अजून नाकावर. तिनं तो खाली घेतला, नीट पाहिलं. “तुमचं दुकान जुन्या बाजारात नाई काय? हिच्या लग्नाचे लुगडे तुमच्याकडूनच नेले मी. तुमच्या अब्बानं एक खण वरतून देला होता.”

रहीमभाई जेवता जेवता उठून उभे राहिले. “अम्मा, तुमी इथं? इतक्या दूर?” त्यांची बायको हसत म्हणाली, “बैठो ना अम्मा, हमारे साथ.” आणि माझी माय, जिनं आयुष्यभर शेजारच्या मटणाचा वास आला तरी दार लोटून घेतलं, ती त्या सतरंजीच्या कडेला बसली. जेवली नाही. पण बसली. पाऊस कधी लागेल, पेरणीला बियाणं काय भावानं, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, रिसोडच्या कुठल्या रस्त्यात खड्डे. समोर बांगड्याचे काटे पडत होते आणि माय त्यांना भाकरी वाढत होती. जाताना रहीमभाईंची बायको मला म्हणाली, “बेटी, समुंदर के किनारे आए और अपने घर का खाना खाया.”

सगळे गेले. भांडी घासायला आम्ही दोघी बसलो, मी एका बाजूला, ती आपली परात घेऊन दुसऱ्या बाजूला. पार्वतीकाकी आतून ओरडत होती की आज किती माणसं झाली, बांगडे पुरले का. मायनं परात पालथी घातली आणि म्हणाली, “बांधाबांध कधी करतं?”

मी कढई घासत राहिले.

“मी पाहून राह्यली दहा दिवस. तुहं अर्धं सामान तूनं फळीवरून खाली काढलं, अन् सकाळी परत वर ठेवलं.”

“माय, तू आनंदानं आली...”

“आनंदानंच आली. पन त्या बाईले असं पडल्यावर टाकून आलीस, त केनवडात मले तुही लाज वाटन. तिनं तुह्या पोरीले न्हाऊ घातलं. ते काम माहं होतं. मी नव्हती, तिनं केलं.” मग परात भिंतीला टेकवत, “आमच्यासाठी येऊन राह्यली असशीन त नको येऊ. मी येईन दर वर्षी. आता रस्ता पाहून झाला.”

प्रकाशला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते बदलीचा कागद उलगडून पुन्हा घडी घालत बसले. त्यांची आई नाही, पण गाव त्यांचंही आहे, आणि डेपोतल्या किती तरी लोकांनी त्यांच्या नशिबाचा हेवा केला होता. शेवटी म्हणाले, “मले घाटातली गाडी आवडते. तिकडं सपाट रस्त्यावर झोप येईन.” ते खरं नव्हतं, मला माहीत होतं. पण त्यांनी ते खरं करून दाखवलं. आजही घाटातली गाडीच चालवतात.

पार्वतीकाकी गणपतीपर्यंत वॉकर धरून चालू लागली. आता ती पडवीच्या टोकाला खुर्चीत बसते आणि मासळीवाल्यांना तिथूनच शिव्या घालते. चूल माझ्याकडे आहे. तिखलं तिचं, भाकर मायची. माय पेरणी आटोपली की येते, पण तेव्हा होड्या बंद असतात, पावसाच्या दोन महिन्यांत समुद्रावर कुणी जात नाही. म्हणजे तिला वासाचा त्रास कमी. तिनं हे बरोबर ओळखलंय.

म्हणून, तुम्ही विचारता ना ताजी मच्छी कुठं खावी, तर सांगते. रस्त्यावरचे मोठे बोर्ड बघू नका. दुपार उतरताना बंदरावर जा, होडीतून काय उतरतंय ते बघा, आणि मग जिथं चुलीवर तेच शिजत असेल तिथं बसा. जून-जुलैत आलात तर ताजी मागू नका, मागितली तर जो देईल त्याच्याकडे जेवू नका. त्या दिवसांत सुकं, म्हणजे वाळवलेली मासळी खा, सुकं खोटं नसतं. आणि आमच्याकडे आलात तर काय मिळेल ते आधी विचारू नका. आलात की कळेल.

आणि जे माझ्यासारखे लांब गेलेत, पुण्याला, सुरतेला, दुबईला, त्यांना मला एवढंच सांगायचं आहे, की घर कुठलं या प्रश्नानं मी फार वर्षं स्वतःला छळलं. मालवणात केनवडची, केनवडात मालवणची. आता छळत नाही. गेल्या दिवाळीची गोष्ट सांगते.

निघायच्या आधी मायचा फोन आला. म्हणाली, “येतांनी ते तुहं घेऊन येजो.” मला वाटलं सोलं म्हणते, दर वेळी नेतेच मी. “नाई वं,” ती म्हणाली, “ते सुकलेलं. पोरगी खाते ते. इथं आठ दिवस उपाशी राह्यते लेकरू, नुसतं ताट चिवडते.”

मी दोनदा विचारलं. मग काकीनं सुके बांगडे कागदात बांधून दिले, तीन पदरी.

केनवडला पोचलो. माय मला हाताला धरून गोठ्याच्या मागं घेऊन गेली. तिथं बोरीखाली नवी चूल घातलेली होती. मातीनं लिंपलेली, शेणानं सारवलेली, बाजूला नवं मडकं, नवी पळी, आणि सरपणाची मोळी. वहिनी लांब उभी राहून बघत होती.

“घरात नाई जमत,” माय म्हणाली. “मी मेल्यावर पाहा काय ते. पन हे आंगन बी आपलंच हाय.”

मी बांगडे भाजायला घेतले. मुग्धा पाटावर येऊन बसली. वारा उलटा फिरला आणि सगळा धूर, तो वास, मायच्या तोंडावर गेला. मी चटकन उठले, म्हटलं, “माय, तू तिकडं सरक, मी इकडं बसते.”

तिनं पदर नाकाला लावला, फुंकणी उचलली आणि जाळाकडे वाकली.

“तू बस,” ती म्हणाली. “धूर माह्याकडं येऊ दे.”